रक्तातल्या रेणूंची साक्ष : मेटाबोलोमिक्स आणि कर्करोग

१९३४ साली ओस्लोमधल्या एका आईने आपल्या दोन मुलांची व्यथा आस्बियर्न फॉलिंग या डॉक्टरांपुढे मांडली. जन्मली तेव्हा दोन्ही मुले ठणठणीत होती, पण पुढे त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली. मुलांना एक चमत्कारिक वास येतो, असे ती सांगत होती. अनेक डॉक्टर झाले होते, उत्तर मिळाले नव्हते. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी लालसर तपकिरी दिसायचा तो रंग गडद हिरवा झाला. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलांची सगळी औषधे काही दिवस बंद ठेवून त्यांनी पुन्हा पाहिले, रंग हिरवाच. मग अनेक लिटर लघवीतून त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला. ते होते फिनाइलपायरुव्हिक आम्ल. अन्नातल्या प्रथिनांमधून येणारे फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल या मुलांच्या शरीराला हाताळता येत नव्हते, ते साचत होते आणि मेंदूला इजा करत होते. आज या आजाराला फिनाइलकीटोन्युरिया म्हणतात.

पेशींमध्ये सतत चाललेल्या चयापचयात जे लहान रेणू तयार होतात, वापरले जातात किंवा बाहेर टाकले जातात, त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्ले, स्निग्धाम्ले, युरिया ही त्यातली ओळखीची नावे. असे शेकडो-हजारो रेणू एकाच नमुन्यात एकदम मोजण्याचे शास्त्र म्हणजे मेटाबोलोमिक्स. हे नाव गेल्या पंचवीसेक वर्षांतले, पण फॉलिंग यांनी केले ते याच शास्त्राचे काम होते. पुढे सविस्तर मांडणार आहे ते माझे मत आधीच सांगतो. एखादा रेणू का साचला, या प्रश्नापासून जिथे संशोधन सुरू झाले, तिथे निदान किंवा औषध हाती आले. हजारो रेणू मोजून त्यातून आजाराची खूण वेचून काढू, या आशेवर जिथे काम उभे राहिले, तिथे आजवर बहुतेक वेळा पदरी निराशा पडली आहे.

फिनाइलकीटोन्युरियाचेच पाहा. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलअॅलनिन कमी असलेला आहार देऊन मुलात सुधारणा होते हे दाखवले. पण मेंदूची हानी होण्याआधी आजार कळायला हवा होता. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी साधी युक्ती काढली : बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. १९९० च्या दशकात याच वाळलेल्या थेंबासाठी टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री वापरात आली आणि दोन-तीन मिनिटांत डझनावारी चयापचय-विकार तपासता येऊ लागले. मेटाबोलोमिक्सने सार्वजनिक आरोग्यात मिळवलेले सर्वांत मोठे यश हेच आहे, आणि कर्करोगाच्या गदारोळात त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बालकांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम राज्य पातळीवर सुरू केला होता. देशातल्या बहुसंख्य बाळांना मात्र ही सोय अजून मिळत नाही. माझ्या दृष्टीने या शास्त्राचे भारतातले पहिले अपुरे राहिलेले काम ते आहे.

आता थोडे यंत्रांविषयी. मुख्य पद्धती दोन. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर, नमुन्याला धक्का न लावता त्यातल्या ठळक रेणूंचे प्रमाण सांगते. आज मोजले आणि दहा वर्षांनी मोजले तरी आकडा जवळपास तोच येतो, पण अत्यल्प प्रमाणातले रेणू तिच्या नजरेतून सुटतात. मास स्पेक्ट्रोमेट्री रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वस्तुमानावरून ओळखते. ती फार संवेदनशील असते, पण लहरीही असते : यंत्र, दिवस, नमुन्यांची तुकडी बदलली की आकडे सरकतात. सापडलेला रेणू नेमका कोणता हे ठरवणे हे तर वेगळेच दुखणे आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने २००७ मध्ये मानवी मेटाबोलाइटांची जी माहितीपेढी सुरू केली तिच्यात आज दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. तरीही २०१५ च्या एका अंदाजानुसार, आधी काहीही न ठरवता केलेल्या मापनात मिळणाऱ्या वर्णपटांपैकी जेमतेम दोन टक्क्यांनाच नाव देता येत होते. बाकीचे रेणू यंत्राला दिसतात, पण ते कोण हे कळत नाही.

कर्करोगात चयापचयाचा विचार जुना आहे. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबुर्ग यांनी पाहिले की गाठीतल्या पेशी भरमसाट ग्लुकोज खातात आणि ऑक्सिजन उपलब्ध असतानाही त्याचे लॅक्टेट करतात. पेशींच्या श्वसनयंत्रणेतला बिघाड हेच कर्करोगाचे मूळ, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. निरीक्षण खरे ठरले, निष्कर्ष चुकला. पण त्या निरीक्षणाचा उपयोग आज जगभरातली मोठी रुग्णालये रोज करतात : पेट स्कॅनमध्ये रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य देतात, गाठ ते हावरटपणे ओढून घेते आणि चित्रात उजळते. भारतातले पहिले पेट केंद्र २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. उपचारांतही हाच धागा आहे. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात अॅस्परॅजिनेज हे एन्झाइम दशकानुदशके वापरले जाते, कारण त्या पेशींना अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनवता येत नाही. रक्तातले काढून घेतले की त्यांची उपासमार होते. फॉलिक आम्लाच्या वाटेत अडथळा आणणारी जी औषधे सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये बोस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांना दिली, ती मुळात आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या औषधकंपनीतल्या गटाकडून आलेली होती.

मग वॉरबुर्ग कुठे चुकले? याचे समाधानकारक उत्तर अलीकडे मिळाले, आणि ते नुसत्या मापनातून मिळाले नाही. धरणातल्या पाण्याची पातळी पाहून नदीतून किती पाणी आत येते आणि कालव्यांतून किती बाहेर जाते हे कळत नाही; रक्तातल्या किंवा गाठीतल्या रेणूच्या प्रमाणाचेही तसेच आहे. प्रवाह कळायला खुणेचे रेणू सोडावे लागतात. टेक्सासमध्ये डॅलस येथे राल्फ डीबेरार्डिनिस यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बन-१३ असलेले ग्लुकोज शिरेतून दिले आणि काढलेल्या गाठीत तो कार्बन कुठे कुठे पोचला हे पाहिले. २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की माणसाच्या शरीरातल्या गाठी मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशींच्या श्वसनयंत्रणेतच, ग्लुकोज व्यवस्थित जाळतात, इतकेच नव्हे तर लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून वापरतात. एकाच गाठीच्या दोन भागांत वेगवेगळे चित्र असू शकते. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवरून माणसाबद्दल ठाम बोलणाऱ्यांनी हे काम वाचायलाच हवे.

या क्षेत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कथा मेंदूतल्या गाठींची आहे. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या जनुकांचे वाचन केले, तेव्हा काही रुग्णांमध्ये आयडीएच-१ या चयापचयाच्या एन्झाइमात एकाच ठराविक जागी बदल आढळला. कर्करोगाची जनुके म्हणजे पेशींच्या वाढीचे आदेश देणारी, अशी तोवरची समजूत. रोजच्या इंधनव्यवस्थेतल्या एन्झाइमाचा तिथे काय संबंध? एन्झाइम मोडले असावे, असा पहिला अंदाज होता. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका नव्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह बदललेले एन्झाइम असलेल्या पेशींमधल्या रेणूंची मोजदाद केली. बाकी फारसे काही हलले नव्हते; टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा एक रेणू मात्र प्रचंड वाढला होता. रुग्णांच्या गाठींतही त्याचे प्रमाण शंभरपटीपर्यंत दिसले. एन्झाइम मोडले नव्हते, त्याला नवे काम लागले होते. निरोगी पेशीत ते आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवते. बदललेले एन्झाइम त्या अल्फा-कीटोग्लुटारेटचेच टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट करते.

हा रेणू वैद्यकाला अनोळखी नव्हता. लघवीत तो साचणाऱ्या मुलांचे दुर्मीळ आनुवंशिक आजार बालरोगतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास नोंदवले होते, आणि त्यातल्या एका प्रकारात मेंदूच्या गाठी होतात हेही दिसले होते. फॉलिंग यांच्यापासून चालत आलेली परंपरा इथे कर्करोगाला येऊन भिडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत उलगडले की हा रेणू डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या एन्झाइमांना अडवतो, त्यामुळे पेशी पक्व होऊ शकत नाही. आजार रेणूमुळे होत असेल तर रेणूची निर्मिती थांबवावी, हा पुढचा विचार सरळ होता. आयडीएच-१ च्याच कुळातल्या आयडीएच-२ या एन्झाइमातल्या बदलासाठी एनासिडेनिब २०१७ मध्ये आणि आयडीएच-१ साठी इव्होसिडेनिब २०१८ मध्ये अमेरिकेत तीव्र मायलॉइड ल्युकेमियासाठी मंजूर झाले. २०२४ मध्ये व्होरासिडेनिब मेंदूतल्या मंद वाढणाऱ्या ग्लिओमासाठी मंजूर झाले. त्याच्या चाचणीत आजार पुढे सरकण्याआधीचा मध्यक काळ बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने होता, औषध घेणाऱ्यांत २७.७. एका रेणूच्या शोधापासून मेंदूतल्या गाठीवरच्या या गोळीपर्यंत पंधरा वर्षे लागली. या गाठींचे अधिकृत वर्गीकरणही बदलले : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या यादीत आयडीएचमधला बदल आहे की नाही यावर प्रौढांतल्या ग्लिओमाचे नावच ठरते.

टू-हायड्रॉक्सीग्लुटारेटचा हा शोध लागला त्याच वर्षी, २००९ मध्येच, मिशिगन विद्यापीठातून प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल तितकाच गाजलेला निबंध ‘नेचर’मध्ये आला. अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने २६२ नमुन्यांत हजारांहून अधिक रेणू मोजले होते. त्यातून सार्कोसिन पुढे आले : निरोगी ऊतीत कमी, गाठीत जास्त, पसरलेल्या आजारात त्याहून जास्त. लघवीतल्या सार्कोसिनवरून आक्रमक कर्करोग ओळखता येईल, अशी आशा निर्माण झाली. पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीमुळे अनावश्यक बायोप्सी करून घेणाऱ्या लाखो पुरुषांसाठी ती मोठी बातमी होती. पण २०१० मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी लघवीतले सार्कोसिन तपासले तेव्हा कर्करोग असलेले आणि नसलेले पुरुष वेगळे करता आले नाहीत. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही उलटसुलट आले, आणि ती चाचणी दवाखान्यांच्या नित्य वापरात आली नाही. यात एक तांत्रिक खाच आहे. सार्कोसिन आणि अॅलनिन यांचे रासायनिक सूत्र एकच, वस्तुमान एकच, आणि अॅलनिन लघवीत मुबलक असते. दोन्ही नीट वेगळे केले नाहीत तर यंत्र एकाला दुसरे समजू शकते. मिशिगनच्या कामात जीवशास्त्राचा भाग होता, नाही असे नाही. पण लोकांच्या मनात राहिली ती चाचणीची आशा, आणि ती फसली.

स्वादुपिंडाच्या कर्करोगातली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१४ मध्ये बोस्टनच्या डेना-फार्बर आणि एमआयटीमधल्या गटांनी काही दीर्घकालीन अभ्यासांतले जुने, गोठवून ठेवलेले रक्त तपासले. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले ज्यांच्या रक्तात वाढलेली होती, त्यांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. निदानाच्या दोन ते पाच वर्षे आधी घेतलेल्या रक्तात हा संबंध सर्वांत ठळक होता. उंदरांवरच्या प्रयोगांनी कारण सुचवले : गाठ अगदी लहान असतानाच शरीर स्वतःची प्रथिने मोडू लागते. रुग्ण खंगू लागण्याच्या कितीतरी आधी ही झीज सुरू झालेली असते. जीवशास्त्र म्हणून हा शोध फार मोठा आहे. चाचणी म्हणून मात्र तो उपयोगाचा नाही, कारण २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात हीच तीन अमिनो आम्ले, आणखी दोन अमिनो आम्लांच्या जोडीने, बारा वर्षांपर्यंत आधी मधुमेहाची सूचना देताना दिसली होती. ज्या देशात मधुमेह घरोघरी आहे, तिथे या आकड्यावरून स्वादुपिंडाचा कर्करोग कसा ओळखणार?

इथे साधे गणित मांडून पाहू, आकडे केवळ उदाहरणादाखल. एक लाख लोकांत ५० जणांना एखादा कर्करोग आहे. चाचणी त्यातल्या ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला उत्तम. पण ती ४५ रुग्ण शोधील आणि त्याच वेळी जवळपास पाच हजार निरोगी माणसांना कर्करोगाचा संशय आहे असे सांगेल. त्या पाच हजार कुटुंबांचे स्कॅन, बायोप्सी, कर्ज आणि झोप उडालेल्या रात्री हिशेबात धरल्याशिवाय ‘९० टक्के अचूक’ या शब्दांना अर्थ नाही. रक्ताच्या एका नमुन्यात सर्व कर्करोग ओळखण्याची हमी देणारी जाहिरात दिसली की हे गणित करावे.

याउलट एकच रेणू, योग्य प्रश्नासाठी मोजला, तर जीव वाचवतो. आतडे, स्तन, डोके-मान यांच्या कर्करोगांत ५-फ्लुरोयुरॅसिल आणि त्याचे गोळीतले रूप कॅपेसिटाबिन सर्रास वापरतात. काही थोड्या लोकांत हे औषध मोडणारे एन्झाइम जन्मतःच कमी असते. त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. हेच एन्झाइम शरीरातले नैसर्गिक युरॅसिलही मोडते, म्हणून रक्तातले युरॅसिल वाढलेले दिसले की धोका आधीच कळतो. फ्रान्समध्ये हे औषध देण्यापूर्वी युरॅसिल मोजणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ही तपासणी केली का, हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावा.

शस्त्रक्रियागृहातही या शास्त्राने पाऊल टाकले आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झोल्टान टकाट्स यांनी विजेच्या सुरीतून निघणारा धूरच मास स्पेक्ट्रोमीटरकडे वळवला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ही सुरी काही सेकंदांत सांगत होती की कापली जाणारी ऊती गाठीची आहे की निरोगी. गोठवलेल्या तुकड्याच्या तपासणीला अर्धा तास लागतो. कल्पना सुंदर आहे. तिने रुग्णांचे आयुष्य वाढते का, याची परीक्षा व्हायची आहे.

हे सगळे आकडे ज्यावर उभे असतात तो नमुना मात्र फार नाजूक असतो. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी जिवंत असतात; नळी तशीच ठेवली तर दर तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज संपते आणि लॅक्टेट वाढते. युरॅसिलही नळीत वाढते. रुग्ण उपाशी होता का, चहा घेतला होता का, पॅरासिटॅमॉल घेतली होती का, हे सगळे वर्णपटात उतरते. रुग्णांचे रक्त सकाळी रुग्णालयात आणि निरोगी लोकांचे दुपारी शिबिरात घेतले, तर संगणक मोठ्या आत्मविश्वासाने कर्करोगाऐवजी जेवणाची वेळ ओळखून दाखवील. मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून शहराकडे निघालेल्या नळ्यांचा विचार करा. यंत्रावर कोट्यवधी खर्च करणाऱ्या संस्थेने बर्फाच्या पेटीवर आणि रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणावर आधी खर्च करायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

आपल्या लोकांचे स्वतंत्र अभ्यास का हवेत, याचे उत्तर पुण्याजवळच्या गावांनी दिले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा गावांतल्या स्त्रियांना गरोदरपणाआधीपासून अभ्यासात घेतले आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सरसकट आढळली. आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीत जन्मलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बी-१२ कमी पडले की होमोसिस्टीन हा मेटाबोलाइट वाढतो. म्हणजे आपल्या आहाराने आपल्या रक्तातले ‘सामान्य’ प्रमाणच वेगळे घडवलेले असते. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने लक्षावधी नमुन्यांचे एनएमआर मापन केले आहे, पण त्यातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. तिथली मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावता येणार नाही.

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. २०१० मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठातील गटाने लाळेतल्या ५७ रेणूंवरून तोंड, स्तन आणि स्वादुपिंडाचे कर्करोग असलेले रुग्ण निरोगी लोकांपासून वेगळे करता येतात असे दाखवले. लाळ मिळवणे सोपे, सुई नको, खर्च कमी; आपल्यासाठी हे आकर्षक आहे. पण इथे तुलना कोणाशी करायची ते आधी ठरवावे लागेल. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या हिरड्या सुजलेल्या असतात, तोंडातले जिवाणू वेगळे असतात, लाळेत तंबाखूचेच रेणू असतात. कर्करोग झालेल्या तंबाखू खाणाऱ्याची तुलना निर्व्यसनी महाविद्यालयीन तरुणाशी केली तर यंत्र तंबाखू ओळखील. खरी तुलना तितकीच वर्षे तंबाखू खाऊनही कर्करोग न झालेल्या माणसाशी व्हायला हवी, आणि तीसुद्धा हजारोंच्या संख्येने, काही वर्षे पाठपुरावा करून.

चाचणी कशी सिद्ध करावी याचा धडा घ्यायला परदेशी जायची गरज नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्राथमिक आरोग्यसेविकांनी सौम्य अॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासले. बारा वर्षांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३१ टक्क्यांनी कमी होते. कोट्यवधींचे यंत्र नाही, हजारो रेणू नाहीत. पण मृत्यू मोजले होते. मेटाबोलोमिक्सवर आधारलेल्या एकाही कर्करोग-चाळणीने अजून ही परीक्षा दिलेली नाही. ती द्यायची तर भारतात नमुने जपून ठेवणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासांना वीस वर्षांचा निधी लागेल, तीन वर्षांचा नव्हे. तोवर वाचकांना एकच विनंती : तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर कोणत्याही नव्या रक्तचाचणीची वाट पाहू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना तोंड दाखवा.